मोजणीची आखणी आणि आपले हक्क

(धम्मवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शील, शिक्षण, संघटना हे आपल्या व्यासपीठावरील नेहमीचे विषय. मोजणी हा विषय कारकुनांचा व सरकारी कचेऱ्यांचा, असे आपण समजत आलो आहोत. परंतु कायद्याचा व्यवसाय करणारा मनुष्य या नात्याने माझे असे निश्चित मत झाले आहे की, आपल्या समाजाचे भले झाले की बुरे झाले हे कोणी मोजले आणि कोणत्या प्रश्नाने मोजले, यावर आपल्या हक्कांचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून असते.

एखाद्या कायद्याचा, योजनेचा किंवा धम्मदीक्षेसारख्या महान घटनेचा समाजावर काय परिणाम झाला हे ठरवावयाचे असेल, तर त्यासाठी कोणीतरी आधी बसून मोजणीची आखणी करीत असतो. कोणाला मोजावयाचे, काय विचारावयाचे, कोणाच्या तोंडून उत्तर घ्यावयाचे, केव्हा विचारावयाचे आणि आलेल्या उत्तराची तुलना कशाशी करावयाची, या पाच गोष्टी तो ठरवितो. आकडे त्यानंतर येतात. आपण मात्र आकडे वाचतो आणि आखणीकडे पाहत नाही. दिवाणी दाव्यात वादाचे मुद्देच चुकीचे निघाले, तर पक्षकाराजवळचा उत्तम पुरावाही वाया जातो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. समाजाच्या मोजणीचेही तसेच आहे. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचे उत्तर कोणत्याही अहवालात सापडत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत केलेल्या भाषणात पूज्य बाबासाहेबांनी देशाला एक इशारा दिला होता. राजकारणात प्रत्येक माणसाला एक मत मिळेल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात प्रत्येक माणसाचे मूल्य एकसारखे राहणार नाही, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली होती. मत मोजणे सोपे आहे, कारण पेटीतून निघालेल्या मतांची गणती करता येते. माणसाचे मूल्य समान झाले की नाही हे मोजणे कठीण आहे. कठीण आहे म्हणून ते मोजावयाचे सोडून दिले, तर समता आलीच आहे असे म्हणण्यास ज्यांना सोयीचे जाते त्यांचे काम सोपे होते. म्हणून हा विषय मी आपल्यापुढे मांडीत आहे.

ठराव मोजावा की पाणी मोजावे?

पहिला भेद आपल्या स्वतःच्या इतिहासातून समजून घेऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादी स्थळे अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. आता कल्पना करा की, १९२६ साली एखाद्या अधिकाऱ्याने सुधारणेचा अहवाल तयार केला असता, तर त्यात काय लिहिले गेले असते? कौन्सिलाचा ठराव झाला, नगरपालिकेचा ठराव झाला, तळे खुले झाले. सर्व रकाने भरलेले दिसले असते. प्रत्यक्षात त्या तळ्याचे पाणी अस्पृश्य माणसाच्या ओंजळीत आलेले नव्हते.

ती ओंजळ भरली २० मार्च १९२७ रोजी. त्यानंतर काय झाले हेही आपण जाणता. परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याची तथाकथित शुद्धी करण्यात आली आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. ठरावापासून न्यायालयाच्या निर्णयापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे गेली.

यातून तीन निरनिराळ्या गोष्टी वेगळ्या काढता येतात. ठराव करणे हे काम झाले. तळे कागदोपत्री खुले होणे हे त्या कामाचे फलित झाले. अस्पृश्य माणूस निर्भयपणे तेथे पाणी भरू लागणे हा परिणाम होय. पहिल्या दोन गोष्टी मोजून तिसरी झाली असे समजणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत सोयीची चूक आहे. आजही नळयोजना पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो, पण आपल्या वस्तीतील शेवटच्या घरी किती वेळ पाणी येते हा रकाना त्या दाखल्यात असतो काय? किती मुलांना शिष्यवृत्ती मंजूर झाली हे छापले जाते, पण ती वर्षाच्या आरंभी हातात पडली की परीक्षा संपल्यावर, आणि त्या मुलांपैकी किती शेवटच्या वर्षापर्यंत टिकली, हे विचारले जाते काय? आखणी करणाऱ्याने ठराव मोजावयाचे ठरविले की पाणी मोजावयाचे ठरविले, यावर सारे अवलंबून असते.

कोणाला मोजले?

दुसरा प्रश्न आहे तो मोजणीत कोणाला धरावयाचे हा. १९११ च्या जनगणनेच्या वेळी आयुक्त गेट यांनी हिंदू म्हणून नोंदविल्या जाणाऱ्या जातींना दहा कसोट्या लावावयास सांगितले होते. मंदिराच्या अंतर्भागात प्रवेश मिळतो काय, ब्राह्मण पुरोहित मिळतो काय, स्पर्शाने विटाळ मानला जातो काय, अशा त्या कसोट्या होत्या. या कसोट्यांमुळे अस्पृश्य वर्ग जनगणनेच्या कागदावर वेगळा दिसू लागला. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या आपल्या १९४८ सालच्या ग्रंथात या माहितीचा उपयोग केला आहे. पुढे १९३२ साली लोथियन समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न आला, तेव्हा अस्पृश्यांच्या संख्येवरून मोठा वाद माजला. संयुक्त प्रांत व बंगाल या प्रांतांत ती संख्या पूर्वीच्या अंदाजांपेक्षा एकदम फार थोडी असल्याचे सांगितले जाऊ लागले. माणसे कोठे नाहीशी झाली नव्हती. संख्येला प्रतिनिधित्व जोडले जाताच अस्पृश्य कोणाला म्हणावे याची व्याख्या आकुंचित करण्याची खटपट सुरू झाली. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते आणि त्यांनी या बाबतीत आपली स्वतंत्र टिपणी जोडली.

आता आपल्या नजीकच्या इतिहासाकडे या. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २७ लक्ष ८९ हजार ५०१ बौद्ध नोंदले गेले. जनगणनेच्या कागदावर धर्माचा रकाना होता आणि लोकांनी त्यात आपला धर्म निर्धाराने सांगितला, म्हणून ही क्रांती आकड्यांत दिसली. तो रकाना नसता, किंवा लोकांनी भीतीने जुनेच उत्तर दिले असते, तर धम्मदीक्षेचा हा परिणाम सरकारी कागदावर उमटलाच नसता.

परंतु त्याच वेळी दुसऱ्या रकान्यात उलट गोष्ट घडली. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असे कलम होते. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. म्हणजे ज्या माणसाने दीक्षा घेतली तो एका रकान्यात वाढला आणि दुसऱ्या रकान्यातून नाहीसा झाला. गावातील त्याचे घर त्याच जागी होते, पाणवठ्यावरील वागणूक तीच होती, सावकाराचे कर्ज तेच होते. कायद्याने मात्र असे गृहीत धरले की, धर्म बदलताच अस्पृश्यतेचे सर्व दुष्परिणाम संपले. हे गृहीतक कोणी मोजून सिद्ध केलेले नव्हते. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये स्थापनेनंतर आपल्या कक्षेतील सवलती बौद्धांना लागू केल्या, पण केंद्राच्या कक्षेतील हक्कांसाठी समाजाला १९९० पर्यंत लढावे लागले. त्या वर्षी संसदेने कायदा करून आदेशात बौद्धांचा समावेश केला.

त्याचा जनगणनेवर काय परिणाम झाला तो पाहा. १९८१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जातींची संख्या सुमारे ४४ लक्ष ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या शेकडा ७.१ होती. १९९१ साली ती सुमारे ८७ लक्ष ५८ हजार, म्हणजे शेकडा ११.१ झाली. दहा वर्षांत एखादा समाज जन्माने दुप्पट होत नाही. या वाढीचे मुख्य कारण १९९० चा कायदा हे होय. जी माणसे आधीपासून होती, ती आता त्या रकान्यात दिसू लागली. आता विचार करा की, मधल्या चौतीस वर्षांत महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या प्रगतीचे जे जे हिशेब झाले, त्यांत दीक्षा घेतलेली लक्षावधी कुटुंबे कोठे होती? ती त्या हिशेबात नव्हती. ती सुधारली असतील तरी दिसत नव्हती आणि हालात असतील तरी दिसत नव्हती.

प्रश्न कसा विचारला?

तिसरी गोष्ट प्रश्नाच्या घडणीची. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ यांनी २०११-१२ साली भारतातील ४२ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली. तीत अस्पृश्यतेविषयी प्रश्न होता. आपल्या घरात कोणी अस्पृश्यता पाळतो काय, असा सरळ प्रश्न आधी विचारला गेला. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे आणि तसे कबूल करणे लाजिरवाणे आहे, हे आखणी करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून ज्यांनी नाही असे उत्तर दिले त्यांना दुसरा प्रश्न विचारला गेला. अनुसूचित जातीचा मनुष्य आपल्या स्वयंपाकघरात आला किंवा आपली भांडी त्याने वापरली तर काही अडचण आहे काय? दोन्ही प्रश्न मिळून शेकडा सुमारे २७ कुटुंबांकडून अस्पृश्यतेचा होकार निघाला. केवळ पहिल्या प्रश्नावर थांबले असते तर देश अधिक शुद्ध दिसला असता. स्वयंपाकघराचा आणि भांड्याचा प्रश्न विचारल्यामुळे खरी गोष्ट बाहेर आली. उलटतपासात चांगला वकील हेच करतो. साक्षीदाराला तू खोटे बोलतोस काय असे तो विचारीत नाही, तो वेळ, जागा आणि वस्तू विचारतो.

या पाहणीत निदान माणसाच्या तोंडचे उत्तर तरी मिळाले. पण अन्याय करणारा जेथे तोंड उघडीत नाही, तेथे काय करावे? प्राध्यापक सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना उत्तर म्हणून ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण व अनुभव सारखा ठेवून केवळ अर्जदाराचे नाव बदलले. काही नावे उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम समाजातील वाटतील अशी होती. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढील बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश, आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश भरले. कोणत्याही कंपनीला आपण जात पाहता काय असे विचारले असते, तर नाही असेच उत्तर आले असते. येथे कंपनीला काहीच विचारलेले नाही. तिच्या कृतीचीच मोजणी केली आहे. लायकी नसते म्हणून नोकरी मिळत नाही, या नेहमीच्या युक्तिवादाला या आखणीने जागाच ठेवली नाही, कारण लायकी दोन्हीकडे सारखीच होती. इतके सामर्थ्य आखणीत असते.

फिर्यादी वाढल्या म्हणजे काय झाले?

चौथी गोष्ट माझ्या व्यवसायाशी निगडित आहे. १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) अधिनियम झाला, १९७६ साली त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. दरवर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल प्रसिद्ध होतो आणि अमुक राज्यात अत्याचार वाढले, तमुक राज्यात घटले, अशी चर्चा होते. मी आपणास सावध करू इच्छितो. त्या अहवालात घडलेले अत्याचार मोजलेले नसतात. नोंदविलेल्या फिर्यादी मोजलेल्या असतात. ज्या गावात लोक निर्भय झाले, तरुण शिकले आणि ठाण्यावर जाऊ लागले, तेथे फिर्यादी वाढतात. ज्या गावात जमीनदाराच्या शेतावरच पोट आहे, तेथे फिर्याद होतच नाही आणि ते गाव कागदावर शांत दिसते. शिवाय त्या अहवालाच्या सर्वसाधारण कोष्टकांत असा नियम असतो की, एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असल्यास त्यांपैकी सर्वांत गंभीर तेवढाच मोजावयाचा. यामुळे लहान समजले जाणारे अपमान मोठ्या गुन्ह्याच्या आड लपून जातात.

याचा अर्थ असा नव्हे की हे आकडे टाकाऊ आहेत. त्यांच्या शेजारी दुसरे आकडे ठेवले पाहिजेत. फिर्याद किती दिवसांनी घेतली गेली? योग्य ते कलम लागले काय? दोषारोपपत्र केव्हा दाखल झाले? पीडिताला १९९५ च्या नियमांप्रमाणे मिळावयाची मदत कोणत्या टप्प्यावर मिळाली? साक्षीदार टिकले काय? निकाल काय लागला? ही साखळी मोजली, तरच कायद्याचा समाजावर काय परिणाम झाला हे कळेल. एकट्या फिर्यादीच्या आकड्यावरून अत्याचार वाढले असेही सिद्ध होत नाही आणि घटले असेही सिद्ध होत नाही.

तुलना कशाशी?

आता मी अशा मुद्द्याकडे येतो, की जो आपल्याला थोडा कडू लागेल. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतातील बौद्धांची साक्षरता शेकडा ८१.३ होती. सर्व देशाची शेकडा ७३ आणि अनुसूचित जातींची शेकडा ६६.१ होती. हे आकडे आपल्या सभांतून अभिमानाने सांगितले जातात आणि धम्माने आपल्याला पुढे नेले असा निष्कर्ष काढला जातो. निष्कर्ष आपल्या आवडीचा आहे म्हणून त्याची परीक्षा करू नये, असे आपल्याला तथागतांनी शिकविलेले नाही. भारतातील ८४ लक्ष बौद्धांपैकी सुमारे ६५ लक्ष, म्हणजे चारांतील तिघांहून अधिक, एकट्या महाराष्ट्रात राहतात. महाराष्ट्राची साक्षरता मुळातच देशाहून अधिक, म्हणजे शेकडा ८२.३ होती, आणि महाराष्ट्रातील बौद्धांची सुमारे ८३ होती. म्हणजे देशाशी तुलना केली तर अंतर आठ टक्क्यांचे दिसते आणि राज्याशी तुलना केली तर ते एका टक्क्याच्या जवळपास येते.

मग धम्मदीक्षेचा परिणाम झालाच नाही काय? तसेही म्हणता येत नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दाराबाहेर बसविले, तो अवघ्या अर्धशतकात राज्याच्या सरासरीच्या बरोबरीस आला किंवा किंचित पुढे गेला, ही साधी गोष्ट नाही. पण त्यात दीक्षेचा वाटा किती, शिष्यवृत्तीचा किती, शहरांतील गिरण्या-कारखान्यांतील रोजगाराचा किती, हे एका आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी एकाच तालुक्यातील, एकाच परिस्थितीतील दीक्षा घेतलेल्या आणि न घेतलेल्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. तेथेही हे ध्यानात ठेवले पाहिजे की, ज्यांनी आधी दीक्षा घेतली ते कदाचित आधीपासूनच अधिक जागृत व संघटित असतील. प्रामाणिक आखणी या शंकांना भीत नाही. आपला दावा खरा असेल तर तो अशा परीक्षेतून अधिक बळकट होऊन बाहेर येईल आणि विरोधकाला तो खोडता येणार नाही.

तुलना नीट आखली तर केवढा लाभ होतो याचे एक उदाहरण देतो. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा व पदे राखीव झाली. कोणत्या पंचायतीचे प्रमुखपद राखीव हे फिरत्या क्रमाने ठरत असल्यामुळे राखीव आणि बिनराखीव पंचायती इतर बाबतीत सारख्या होत्या. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थान येथे या दोन प्रकारच्या पंचायतींची तुलना केली आणि तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक काम केले, असे दोन्ही ठिकाणी आढळले. गावातील स्त्रियांची तक्रारही पाण्याविषयीच अधिक होती. राखीव जागांवर निवडून आलेल्या स्त्रिया केवळ नावापुरत्या असतात, या आरोपाला या तुलनेने जे उत्तर दिले ते शंभर भाषणांनी दिले नसते.

येती जनगणना

हे सर्व सांगण्याचे तातडीचे कारण असे की, २०११ नंतरची जनगणना आता व्हावयाची आहे. तिच्यासाठी देशाच्या बहुतेक भागाकरिता १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी जाहीर झाली असून, तीत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आहे. म्हणून प्रत्येक बौद्ध कुटुंबाने पुढील गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

एक, धर्म आणि जात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धर्म विचारला असता बौद्ध असे स्पष्ट सांगावे आणि तसेच नोंदले गेले याची खात्री करून घ्यावी. प्रगणकाने आडनावावरून किंवा वस्तीवरून स्वतःच धर्म ठरवू नये. कुटुंबप्रमुख घरी नसेल तर घरातील स्त्रीला व मोठ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवावे, कारण पुष्कळदा उत्तर त्यांच्याकडूनच घेतले जाते.

दोन, अनुसूचित जातीचा प्रश्न आला असता, आपण बौद्ध आहोत म्हणून तो आपल्याला लागू नाही, असे सांगून तो सोडून देऊ नये. १९९० च्या कायद्याप्रमाणे बौद्धही अनुसूचित जातीचा म्हणून नोंदला जाऊ शकतो. ज्या जातीचे नाव आपण मनातून पुसून टाकले ते पुन्हा कागदावर का लिहावे, हा प्रश्न आमच्या तरुणांना टोचतो, आणि तो टोचावा हे स्वाभाविक आहे. त्याचे माझे उत्तर असे आहे. धर्माच्या रकान्यात आपण कोण आहोत ते आपण सांगतो. जातीच्या रकान्यात समाजाने आपल्याशी काय केले आणि अजून काय करतो याची नोंद होते. पहिल्यात आपली प्रतिज्ञा आहे, दुसऱ्यात नुकसानीचा दावा आहे. नुकसानीचा दावा लावणाऱ्या माणसाने ते नुकसान पत्करले असे कोणी म्हणत नाही. १९५६ ते १९९० या काळात एका रकान्यासाठी दुसरा गमवावा लागत होता. आता दोन्ही भरण्याचा अधिकार आहे, तो वापरावा.

तीन, जनगणना अधिनियम, १९४८ प्रमाणे विचारलेल्या प्रश्नांची आपल्या माहितीप्रमाणे खरी उत्तरे देणे हे कायद्याने बंधनकारक आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे ही नोंद कोणाला पाहावयास खुली नसते आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. म्हणून उत्तर देताना भिऊ नये. त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की, जनगणनेत दिलेले उत्तर जातीच्या दाखल्याची जागा घेत नाही. दाखल्यासाठी जुने शाळेचे दाखले, महसुली नोंदी इत्यादी कागद वेगळे जपून ठेवले पाहिजेत.

विहारातील वही

शेवटी, सरकार मोजील तेव्हा मोजील. आपणही आपली मोजणी केली पाहिजे. आपल्या विहारांचे वार्षिक अहवाल मी वाचतो तेव्हा किती जयंत्या साजऱ्या झाल्या, किती वक्ते आले, किती वर्गणी जमली, एवढेच त्यांत असते. हे ठराव मोजण्यासारखे आहे. पाणी मोजावयाचे असेल तर प्रत्येक विहारात एक वही ठेवा. कामास आरंभ करण्यापूर्वीच तिच्यात वस्तीची स्थिती लिहा, कारण आरंभीची नोंद नसेल तर शेवटी बदल कशावरून सांगणार? प्रश्न थोडे ठेवा आणि दरवर्षी तेच विचारा. दहावीनंतर किती मुली शिक्षणात टिकल्या? कर्ज काढून लग्न किती घरांनी केले? किती विवाह पोटजात न पाहता झाले? दारूपायी मजुरी घरी न येणारी घरे किती? वस्तीतील माणसाला गावच्या हॉटेलात, दुकानात, देवळासमोरील रस्त्यावर कशी वागणूक मिळते? स्त्रियांना प्रश्न स्त्रियांनी, वेगळे बसून विचारावेत. जी मुले वर्गातून गळाली, जी कुटुंबे विहारात येत नाहीशी झाली, त्यांना वहीतून वगळू नका, कारण टिकलेल्यांचीच गणती केली तर कोणतेही काम यशस्वीच दिसते. आणि ही वही कोणाला हिणविण्यासाठी वापरू नका. नावे गुप्त ठेवा, बेरीज तेवढी सभेपुढे मांडा.

या वहीत काही ठिकाणी आपली बेरीज वाईट निघेल. पोटजातीचा प्रश्न विचारल्यावर आपल्यालाच मान खाली घालावी लागेल, अशी मला भीती वाटते. तरीही प्रश्न खोडू नका. जो धम्म या आणि पाहा असे सांगतो, त्याच्या अनुयायांनी पाहण्याचे टाळू नये. बाबासाहेबांनी आकडे, अहवाल आणि जनगणनेचे खंड धुंडाळून आपली बाजू मांडली. गोलमेज परिषदेत आणि समित्यांपुढे त्यांच्या हातात शस्त्र म्हणून पुरावाच होता. तो पुरावा त्या वेळी दुसऱ्यांनी आखलेल्या मोजणीतून त्यांना काढावा लागला. आज आपल्यात शिक्षक आहेत, वकील आहेत, संगणकावर काम करणारी मुले-मुली आहेत. आपली मोजणी आपण आखू शकतो आणि सरकारची मोजणी कशी आखली आहे हे विचारूही शकतो. जनगणना येण्यापूर्वी आपल्या वस्तीतील प्रत्येक घरी ही माहिती पोहोचविण्याचे काम आजच्या सभेतील प्रत्येकाने निदान पाच घरांपुरते अंगावर घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय. जय भीम.